दुसरा आवाज होईपर्यंत

१

आमच्या मायची मान हलते. आडवी हलते, सारखी, जणू कुणी काही विचारतंय आणि ती नाही-नाही म्हणतेय. भाजीवाल्यापासून पाव्हण्यांपर्यंत सगळे फसतात. "चहा टाकू का चतुराबाई?" म्हणून विचारलं की ती तोंडानं "व्हय" म्हणते आणि मानेनं नाही. मी चिडवायची, "माय, तुझं एकदा काय ते ठरव गं." त्यावर ती म्हणायची, "मान देवाची हाय, तोंड माझं हाय. तू तोंडाचं ऐक."

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या मानेचंच आहे.

गंगाखेडला, गोदावरीच्या घाटाकडं उतरणाऱ्या बोळात आमचं दोन खोल्यांचं घर. मी सविता, तहसीलमध्ये कारकून. लग्न केलं होतं, जमलं नाही, परत आले. त्या विषयावर बोळातल्या बाया बोलून बोलून आता दमल्यात. थोरला भाऊ हरिओम पुण्याला असतो. त्यानं भारीतला मोबाइल घेतला तेव्हा त्याचा जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा मला देऊन टाकला. साबणाच्या वडीएवढा आहे. तेव्हापासून मला नाद लागला तो दिवेलागणीचे फोटो काढायचा.

ह्या कॅमेऱ्यात चंद्राचं चित्र असलेली एक खूण आहे, रात्रीच्या फोटोसाठी. ती लावली की हातात धरून चालत नाही, हात कितीही घट्ट असला तरी फोटो फिसकटतो. मी एक छोटी पिशवी शिवून त्यात ज्वारी भरलीय. ती पिशवी कठड्यावर ठेवायची, कॅमेरा तिच्यात नीट दाबून बसवायचा, टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. लाल दिवा लुकलुकतो. मग टुक. पडदा काळा होतो, कॅमेरा चार-पाच सेकंद डोळा उघडा ठेवून बसतो, आणि मग दुसऱ्यांदा टुक. तेवढ्या वेळात जे हलतं ते पुसलं जातं, जे जागचं हलत नाही तेवढंच उरतं. घाटावर पंचवीस माणसं हिंडत असली तरी फोटोत घाट मोकळा येतो. उसाची ट्रॉली गेली तर नुसती एक तांबडी रेघ. मला तेच आवडतं. माणसं मला दिवसभर ऑफिसात पुरतात.

लोकांची एक खोड मात्र असते. पहिला टुक ऐकला की फोटो निघाला असं समजून उठतात, आणि मग फोटोत अर्धी-मुर्धी दिसतात, आरपार. म्हणून ज्याला त्याला मी बजावते, "दुसरा आवाज होईपर्यंत हलायचं नाही." बोळातल्या पोरांना ते पाठ झालंय.

२

मायला तिची तसबीर पाहिजे होती. भिंतीवर लावायची. कशासाठी ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आमच्याकडं घरातलं म्हातारं माणूस "माझा एक सरका, चांगला फोटू काढून ठेवा" म्हणालं की समजणारा समजतो, आणि "काढू की, कुठं पळून चाललंय" म्हणून विषय बदलतो. मी दोन वर्षं तेच केलं.

"आधार कार्डावरचा मोठा करून देऊ का?" मी एकदा म्हटलं.

"त्यो? त्यात मी कोंबडी चोरताना धरल्यासारखी दिसायले."

दिवसा काढलेले तिला पटत नव्हते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून उन्हात तिचे डोळे मिचमिचतात, आणि फ्लॅश मारला तर ती सरळ डोळे मिटून घेते. मोबाइलवर काढला तर तो तिच्या सुरकुत्या पुसून टाकतो. "ही कोण गं? सिरियलीतली सासू?" असं म्हणून तिनं मोबाइल परत दिला. तिचं एकच म्हणणं होतं. दिवा लावल्यावर, दिव्याच्या उजेडात काढ, माणूस तवाच खरं दिसतं.

आता दिव्याच्या उजेडात काढायचा म्हणजे चंद्राची खूण आली, चार-पाच सेकंद आले, आणि मायची मान तर एक सेकंद थांबत नाही. जितके फोटो काढले त्यांत लुगडं स्वच्छ, मांडीवरचे हात स्वच्छ, बांगड्या मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ, आणि चेहऱ्याच्या जागी ओल्या बोटानं पुसल्यासारखा डाग.

समोरच्या भिंतीवर आमच्या वडलांची, बापूंची तसबीर. मी पाळण्यात असताना ते गेले. काळा-पांढरा फोटो, वरून हातानं रंग भरलेला. डोळे मोठे, नीट आखलेले, आणि गळ्यात उपरणं. ते उपरणं कानांपर्यंत गुंडाळलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं, बापूंना थंडी फार वाजत असेल.

"त्येंची कशी ठसठशीत आलीय," माय म्हणायची. "माझी बी तशी यायला पायजे."

३

पोळा होऊन गेला होता. त्या संध्याकाळी लाइट गेली, कारखान्याचा भोंगा झाला आणि मायनं देवापुढचा दिवा उचलून स्वतःच्या बाजूला स्टुलावर ठेवला. लाकडी खुर्चीत नीट बसली, पदर डोक्यावरून घेतला. "काढ," म्हणाली.

मी कोनाड्यात ज्वारीची पिशवी ठेवली, कॅमेरा बसवला. "माहिताय ना?"

"दुसरा आवाज हुईपस्तोर हलायचं न्हाई. पर मान काय माझ्या बापाचं ऐकती का?"

टुक. आम्ही दोघी गप्प. टुक.

पडद्यावर फोटो उघडून मी बटण सरकवत चेहरा मोठा केला. डाग होताच. पण डागाच्या खाली, हनवटीच्या उजव्या बाजूला चार छोट्या रेघा होत्या. तिरक्या, एकीखाली एक. त्या पुसट नव्हत्या. लुगड्याच्या काठाइतक्या स्पष्ट होत्या.

खुर्चीच्या पाठीच्या पट्ट्या असतील, असं मी म्हटलं. पट्ट्या उभ्या आहेत आणि ह्या तिरक्या, हे माझ्या लक्षात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण दिवसभर फायली चाळून डोळे शिणलेले असतात, आणि पोटात भूक होती. मी कॅमेरा बंद केला आणि भाकरी टाकायला उठले.

४

दुसऱ्या संध्याकाळी मी खुर्ची काढून टाकली. मायला पाठ नसलेल्या स्टुलावर बसवलं, मागं नुसती भिंत. दिवा पेटीवर ठेवला. मनातून मला तिचा फोटो नको होता, त्या रेघा जाव्यात एवढंच पाहिजे होतं.

रेघा गेल्या नाहीत. चार तिथंच होत्या, आणि डाव्या गालावर पाचवी, जाड आणि आखूड. आणि डाग लहान झाला होता. मायचं नाक दिसत होतं. एक डोळा जवळजवळ दिसत होता.

मी मायकडं पाहिलं. ती बसल्या जागी नेहमीसारखी मान हलवत माझ्याकडं बघत होती. "कसा आला?"

"थांब जरा," मी म्हटलं.

गच्चीवर जाऊन हरिओमला फोटो पाठवला आणि फोन लावला.

"बोटं दिसायलेत का तुला?" मी विचारलं.

"हं. तिनंच गालाला हात लावला असेल की."

"दोन्ही हात मांडीवर हायत. नीट बघ."

मागं त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. तो म्हणाला, "मग तुझा असेल."

"मी कॅमेऱ्यामागं होते, दादा."

"कॅमेरा जुना झालाय, सविता. आतून बुरशी धरली असेल लेन्सला. फेकून दे ना, मी दुसरा पाठवतो." त्यानं लगेच मायच्या गोळ्यांचं विचारलं. मीही लगेच गोळ्यांचं सांगितलं. दोघांनाही बरं वाटलं.

खाली आले तर कॅमेरा मायच्या हातात. तिला तो चालू करता येत नाही, कधीच आला नव्हता. पण पडदा उजळलेला होता आणि ती त्यावरून हळूहळू अंगठा फिरवत होती, झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात फिरवतात तसा.

"आता निघंल बघ तसबीर," ती म्हणाली. "आता सरकी निघंल."

५

जेवताना तिनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"तुज्या बापूंची ती तसबीर कवाची हाय, म्हाईत हाय का तुला?"

"कधीची?"

"गेल्यावरची."

माझा घास तसाच राहिला. मायनं चटणीला बोट लावलं आणि निवांत बोलत राहिली. "जित्तेपणी फोटू काढायला कुणाला फुरसत हुती? परभणीहून फोटूवाला बोलवून आणला. अंघोळ घातली, नवा सदरा घातला, खुर्चीत बसवलं. पर मेल्या माणसाची मान ऱ्हाते का बाई? सारखी छातीवर पडायची. दोरीनं बांधा म्हणला कुणी तरी. मी म्हणले, दोरी-बिरी न्हाई लावायची. मग मीच मागं उभी ऱ्हायले. वरून चादर घेतली आन् हनवटीखाली असा हात धरला." तिनं उष्ट्या हाताची चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला करून दाखवली. "फोटूवाला म्हणला, बाई, मी सांगस्तोर हलू नका. न्हाई हलले. पर हात लय भरून आला गं."

"आणि मग... तुझा हात कुठंय त्यात?"

"त्यानं रंगवून झाकला. उपरणं काढलं वरून. डोळे बी त्यानंच काढले."

मी भिंतीकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. कानांपर्यंत गेलेलं उपरणं. चव्वेचाळीस वर्षं मी त्याच्याखाली जेवले, अभ्यास केला, तापात पडले.

माय हे सगळं सांगत होती आणि तिची मान सारखी नाही-नाही म्हणत होती. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, तोंडाचं नको, मानेचं ऐकावं.

६

मी कॅमेरा ज्वारीच्या डब्यात खाली पुरून ठेवला. मायला सांगितलं, बिघडला.

तिनं वाद घातला नाही. नुसतं ताट सरकवलं. सकाळी सरकवलं, संध्याकाळी सरकवलं. शेजारच्या सुलाबाई वरण-भात घेऊन आल्या, गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. "काय म्हातारपणी लेकरासारखा हट्ट धरायलाव चतुराबाई? पोरीच्या जिवाला घोर लावायलाव!" माय त्यांच्याकडं बघून हसली. बाहेर पडताना सुलाबाई माझ्या कानाशी लागल्या, "काढ की गं एक फोटू. फोटूनं का कुणी मरतंय?"

काय सांगणार त्यांना? मला फोटो नको होता, मला माय पाहिजे होती. भिंतीवर दोन तसबिरी आणि खाली मी एकटी भाकरी खातेय, हे चित्र मला दिसत होतं आणि ते कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा साफ होतं. पण न जेवता तरी ती किती दिवस टिकणार? आड आणि विहीर, दोन्हीकडं पाणीच.

तिसऱ्या संध्याकाळी मी डबा उघडला. कॅमेरा काढला, फुंकर मारून ज्वारीचा भुसा उडवला. म्हटलं, एकच काढू. मान हलेल, डाग येईल, दाखवू, हसू आणि जेवू.

माय तयारच होती. धुतलेलं हिरवं लुगडं, कपाळावर बुक्का. स्टुलावर बसली. दिवा तिनंच लावला. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली, मग बोळ गप्प झाला.

"दुसरा आवाज होईपर्यंत हलायचं नाही," मी म्हटलं. सवयीनं तोंडातून गेलं. नसतं म्हटलं तर काय झालं असतं, हे मी रोज स्वतःला विचारते.

"न्हाई हलणार," माय म्हणाली.

लाल दिवा लुकलुकला. टुक.

एरवी मी ह्या वेळात पडद्याकडं बघत असते. पडदा काळा असतो, तरी बघते. त्या दिवशी मी मान वर करून मायकडं पाहिलं. तिची मान हलत होती. मग हळू झाली. झोका द्यायचं सोडलं की पाळणा होतो तशी. मग थांबली.

माझ्या जन्मात मी मायची मान थांबलेली पाहिली नव्हती. झोपेतसुद्धा ती उशीवर सळसळायची. आता ती सरळ होती, हनवटी किंचित वर, डोळे माझ्यावर. किती देखणी आहे माझी माय, असं मला वाटलं. आणि त्याच वेळी दिसलं की गळ्यापाशी तिचा पदर आत दबला होता. एका बाजूला चार खळगे आणि दुसऱ्या बाजूला एक. खळग्यांत काही नव्हतं. दिव्याचा उजेड थेट आतपर्यंत जात होता.

मी ओरडले का, आठवत नाही. कोनाड्यातून कॅमेरा ओढला, ज्वारी खाली सांडली, खालचं झाकण नखानं उचकटलं आणि बॅटरी उपसून काढली.

दुसरा टुक झालाच नाही. फोटो निघाला नाही. मी खाली बसून रडले आणि हसलेसुद्धा. जिंकले असं वाटलं मला.

"माय, झालं गं," मी म्हटलं. "ऊठ."

माय हलली नाही.

७

ती जिवंत आहे, हे आधी सांगते. श्वास चालतो, भरवलं तर जेवते, धरून नेलं तर चालते. दवाखान्यातले डॉक्टर खूश झाले. मानेचा कंप असा आपोआप गेलेला त्यांनी पाहिला नव्हता, म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. सुलाबाईंनी पेढे वाटायला लावले. "देव पावला गं सविते. किती शांत बसायली तुजी माय!"

शांत बसते खरी. मान मुळीच हलत नाही. वळतही नाही. बाजूला बघायचं असेल तर फक्त डोळे फिरवते. वेणी घालताना मी तिच्या गळ्याकडं बघत नाही. पदर नीट करताना बोटं लांब ठेवते.

कॅमेरा पुन्हा ज्वारीच्या डब्यात आहे. बॅटरी निघाली तेव्हा त्याची लेन्सची नळी बाहेरच राहिली, आत गेली नाही. बॅटरी मी वेगळी, कपाटात कुलूप लावून ठेवलीय. मला कळतं, बॅटरी काढली की फोटो संपला, आत काही उरत नाही. पुन्हा घातली तर नळी आत जाईल, कदाचित एक आवाज होईल, कॅमेरा चालू झाल्याचा. बस. पण आवाज झाला की माय हलणार. आणि हलून कुठं जाणार, ते मला कोण सांगणार?

रोज दिवेलागणीला ती एकच विचारते.

"सविता, वाजलं का गं दुसऱ्यांदा?"

"न्हाई माय. अजून न्हाई."

"बरं," म्हणते ती. आणि बसते.

असं करत करत दिवाळी गेली. म्हटलं, असंच जाऊ दे. खोटं तर खोटं, माय घरात आहे. काल मात्र मी दिवा लावून वळले आणि पाहिलं तर तिची मान हलत होती. धावत तिच्यापुढं जाऊन बसले. आली, माझी माय परत आली, असं वाटलं. तिचे दोन्ही हात हातात घेतले.

मग नीट पाहिलं. हे तिचं हलणं नव्हतं. तिची मान आडवी हलायची. ही वर-खाली होत होती, बारीक थरथरत. हनवटी थोडी खाली यायची आणि पुन्हा कष्टानं वर उचलली जायची.

"माय?"

तिनं डोळे माझ्याकडं वळवले. त्यांत पाणी होतं. तिला माझी कीव आली होती, असं मला वाटलं.

"बिगीनं कर गं पोरी," ती म्हणाली. "तुज्या बापूंचा हात लय भरून आलाय."